सीमेजवळ कोसळले, म्हणजे शत्रूनेच पाडले?

ताबारेषेजवळ किंवा अरुणाचलच्या डोंगरांत लष्करी हेलिकॉप्टर कोसळले, की चौकशी सुरू होण्याआधीच मोबाइलवर निकाल लागलेला असतो. नोंदी मात्र वेगळे सांगतात.

गैरसमज : अशा दुर्घटनेमागे शत्रूच असतो.
वस्तुस्थिती : युद्धात तसे घडले आहे. कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंग शिखरावर हल्ला चढवणारे हवाई दलाचे एमआय-१७ स्टिंगर क्षेपणास्त्राने पाडले गेले; चौघांना वीरमरण आले. त्यानंतर सशस्त्र एमआय-१७ या मोहिमेतून काढून घेण्यात आली. एरवी कारण बहुधा हवामान, बिघाड किंवा मानवी चूक असते. २१ ऑक्टोबर २०२२ रोजी अरुणाचलमधील मिगिंगजवळ लष्कराचे 'रुद्र' हेलिकॉप्टर कोसळून पाच जवान गेले. त्याआधी वैमानिकांनी दिलेला 'मे डे' हा संकटसंदेश तांत्रिक बिघाडाचा होता.

गैरसमज : क्षेपणास्त्र लागले, तर ते पलीकडचेच.
वस्तुस्थिती : २७ फेब्रुवारी २०१९ रोजी भारत-पाकिस्तान विमाने आकाशात भिडलेली असताना बडगाम येथे एमआय-१७ पडले, ते आपल्याच हवाई दलाच्या क्षेपणास्त्राने. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. त्यांत नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. ही मोठी चूक असल्याचे तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले.

गैरसमज : इंजिन बंद पडले, की हेलिकॉप्टर दगडासारखे खाली येते.
वस्तुस्थिती : खाली येताना वर रेटणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि ते उतरवता येते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. १९७२ मध्ये फ्रान्सच्या जाँ बुले यांनी 'लामा' हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेले. तिथे इंजिन विझले, तरी ते सुखरूप उतरले. आपले 'चीता' याच लामाचा भारतीय अवतार. पण सियाचिनसारख्या ठिकाणी ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, इंजिनाची ताकद आणि पात्यांची उचल दोन्ही घटतात. त्यात दरीत, जमिनीलगत उडताना सावरायला ना उंची मिळते, ना सपाट जागा.

गैरसमज : चुकून हद्द ओलांडली, की पाडणारच.
वस्तुस्थिती : १९९१ च्या भारत-पाकिस्तान करारानुसार सशस्त्र हेलिकॉप्टरांनी हद्दीपासून १० किलोमीटर दूर राहायचे, निःशस्त्र हेलिकॉप्टरांना १,००० मीटरपर्यंत मुभा आहे. ढगांत वाट चुकायला एवढे अंतर पुरते. २३ ऑक्टोबर २०११ रोजी खराब हवामानात आपले चीता पाकिस्तानच्या ताब्यातील स्कर्दूजवळ उतरले. दोन्ही लष्करांत बोलणी झाली आणि चारही जण त्याच दिवशी हेलिकॉप्टरसह परतले.

दरवेळी शत्रूला दोष दिला, की जुनी यंत्रे, हवामानाची अपुरी माहिती आणि आपसातला तुटलेला समन्वय हे प्रश्न मागे पडतात. पुढच्या वैमानिकाचा जीव मात्र त्यांच्याच उत्तरांवर अवलंबून असतो.