दुधाचे दात पडणारच, मग खर्च कशाला?

हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो आणि दर वेळी जीव तुटतो. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. किडलेली दाढ वेळेआधी काढली, की शेजारचे दात त्या जागेत सरकू लागतात आणि खालचा पक्का दात अडकतो किंवा वाकडा येतो.

त्याहून मोठी गफलत सहाव्या वर्षी होते. सगळ्यात मागे एक नवी दाढ उगवते, तीही कुठलाच दात न पडता. घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की असते, आयुष्यभराची! तिच्या खोल खाचांत बिस्किटाचा लगदा चिकटून बसतो. दंतवैद्य त्या खाचा सीलंटने बुजवतात. सुई नाही, ड्रिल नाही.

आज रात्री बाळाचा वरचा ओठ हळूच उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती बहुतेक किडीची सुरुवात. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळांत ती बऱ्याचदा दिसते. या टप्प्यावर कीड थांबवता येते, म्हणून लगेच दाखवा.

फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आई-बाबांनीच फिरवायचा.