इक्वेडोर : एक देश, चार दुनिया

बॉसने पंधरा दिवसांची रजा सँक्शन केलीय आणि बँकॉक-सिंगापूरचा आता कंटाळा आलाय? मग जरा लांबचा विचार करा. ब्राझील म्हटलं की फुटबॉल आठवतो, पेरू म्हटलं की माचूपिच्चू. इक्वेडोर म्हटलं की... इथेच बऱ्याच जणांची विकेट पडते! महाराष्ट्रापेक्षाही लहान असलेल्या या देशात बर्फाच्छादित ज्वालामुखी, ॲमेझॉनचं जंगल, पॅसिफिकचा किनारा आणि गॅलापागोस बेटं असं सगळं आहे.

धाप लावणारी राजधानी

किटो हे राजधानीचं शहर सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी साधा जिना चढतानाही दम लागतो, म्हणून दोन दिवस निवांत जुन्या शहरात भटका. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिलीवहिली यादी केली, तेव्हाच हे शहर तिच्यात होतं. दुपारी जेवायला ‘अल्मुएर्सो’ मागा. म्हणजे सूप, भात, सरबत अशी आपली राईस प्लेटच! शाकाहारी मंडळींसाठी बटाटा-चीजचं ‘लोक्रो’ सूप आणि बटाट्याचे ‘यापिंगाचो’ आहेतच.

इथून दक्षिणेला ज्वालामुखींची रांग सुरू होते. त्यातला चिंबोराझो ६,२६३ मीटरचा, म्हणजे एव्हरेस्टपुढे बुटका. पण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, त्यामुळे तिच्या केंद्रापासून मोजलं तर सर्वांत दूरचं शिखर हेच!

स्वेटर ते टी-शर्ट

किटोहून पूर्वेकडची बस धरली की सुमारे ४,००० मीटरवरची खिंड लागते, मग पापायाक्ताचे गरम पाण्याचे झरे आणि पुढे नुसता उतार. सकाळी अंगात स्वेटर, संध्याकाळी तेना गावात टी-शर्ट. ॲमेझॉन सुरू!

याच जंगलात आणखी पूर्वेला यासुनी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्याच्या पोटात तेल. इक्वेडोरची मोठी कमाई तेलावर चालते. पण याच देशाने २००८ साली जगात पहिल्यांदा निसर्गाचे हक्क थेट राज्यघटनेत लिहिले. ऑगस्ट २०२३ मध्ये सार्वमत झालं आणि जवळपास ५९ टक्के लोकांनी यासुनीतल्या एका मोठ्या क्षेत्रातलं तेल जमिनीतच ठेवायचा कौल दिला. हातची कमाई सोडायची, तर गावांनी जगायचं कशावर? पर्यटन हे त्याचं एक उत्तर आहे. किचवा समाजाची काही गावं स्वतः लॉज चालवतात, गाईडही गावातलाच. तिथे उतरलात तर तुमचा पैसा जंगल राखणाऱ्यांच्या हातात पडतो.

बेटांचा भाव

गॅलापागोस किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर आहे. १८३५ साली डार्विन इथे आला होता. महाकाय कासवं, पोहणारे इग्वाना आणि बाकावर खुशाल लोळणारे सी लायन! त्यांच्यापासून दोन मीटर लांब राहायचं, हा नियम. क्रूझ परवडत नसेल तर सांता क्रूझ बेटावर हॉटेल घेऊन डे-ट्रिप करता येतात. तरी खिसा हलका होतोच. ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांची प्रवेश फी १०० वरून २०० डॉलर झालीय.

मग करायचं काय?

मुंबईहून थेट विमान नाही, जाण्या-येण्यातच तीनेक दिवस जातात. त्यामुळे चारही दुनिया एका दमात उरकायचा हट्ट नको. डोंगर आणि सोबत आणखी एक, एवढंच ठरवा. आमचं मत विचाराल तर जंगल. बेटांना पाहुण्यांची कमी नाही. यासुनीला मात्र तेलापेक्षा जंगल किफायतशीर आहे, हे रोज सिद्ध करावं लागतंय.

निघण्यापूर्वी

• भारतीयांना व्हिसा लागतो, तयारी लवकर सुरू करा.
• २००० सालापासून इथलं चलन अमेरिकन डॉलरच. सुट्ट्या, छोट्या नोटा ठेवा.
• पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. सर्टिफिकेट नसेल तर परतल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं.
• टोळ्यांच्या हिंसाचारामुळे जानेवारी २०२४ मध्ये आणीबाणी लागली होती. ग्वायाकिल आणि किनारपट्टीचा भाग जास्त धोक्याचा, म्हणून ताज्या सूचना वाचूनच तिकीट काढा.