काँग्रेस रेडिओचे शेवटचे प्रक्षेपण व त्याचे लेखी अवशेष

शके १८६४ कार्तिक शुद्ध ४, गुरुवार, ता. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी रात्री मुंबईत महालक्ष्मीच्या देवळानजीकच्या 'पॅरेडाइज' बंगल्यावर पोलिसांचा छापा पडला. दरवाजे फोडून ते आत शिरले तेव्हा प्रक्षेपणयंत्र चालू असून त्यावर 'वन्दे मातरम्'ची तबकडी लाविलेली होती. उषाबेन मेहता व चंद्रकांत झवेरी हे तेथेच पकडले गेले. तबकडी थांबविण्याचा हुकूम झाला असता आपण तो मानिला नाही, असे उषाबेन पुढे सांगत असत. येणेप्रमाणे सुमारे अडीच महिने चाललेला काँग्रेस रेडिओ बंद पडला.

ही हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. संशोधकाच्या दृष्टीने तीत एक निराळाच प्रश्न आहे, व त्याचा विचार कागदपत्रे जमविणारांनी अवश्य करावा असे आम्हांस वाटते. तो प्रश्न असा की, उच्चारलेला शब्द हवेत विरून गेल्यावर त्याचे साधन म्हणून काय उरते, आणि जे उरते त्यास अस्सल म्हणावे की नक्कल?

प्रथम घटनाक्रम थोडक्यात देतो. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी धरले गेले. वृत्तपत्रांवर निर्बंध होतेच. अशा समयी २२ वर्षांच्या उषाबेन, विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर वगैरे मंडळींनी गुप्तपणे यंत्र उभारिले. डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत पुढारी भाषणे पुरवीत. लहरीची लांबी ४२.३४ मीटर होती व स्थळाची घोषणा 'हिंदुस्थानात कोठून तरी' एवढीच असे. बातम्या हिंदुस्थानी व इंग्रजी भाषांत दिल्या जात. आरंभी 'हिंदोस्ताँ हमारा' व अखेरीस 'वन्दे मातरम्' हा परिपाठ होता. दिशा शोधणारी यंत्रे घेऊन पोलिसांच्या गाड्या फिरत असल्यामुळे बिऱ्हाड वारंवार हलवावे लागे. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड अशी ठिकाणे बदलीत ते महालक्ष्मीस आले होते. स्थापनेची तिथी म्हणून कोठे १४ ऑगस्ट तर कोठे २७ ऑगस्ट छापलेली आढळते. पहिली संकल्पाची व दुसरी प्रत्यक्ष प्रक्षेपणाची धरिल्यास दोहोंचा मेळ बसतो.

१२ नोव्हेंबरचा दिवसही असा उगाच उजाडला नव्हता. त्या दिवशी पोलीस आधी बाबूभाईंच्या कचेरीवर गेले. ती वार्ता उषाबेनांनी लोहियांस पोहोचविली. तरीही त्या सायंकाळचे प्रक्षेपण टाळावयाचे नाही असे ठरले व त्या महालक्ष्मीकडे निघाल्या. जागेचा सुगावा पोलिसांस यंत्रज्ञाकडूनच लागला होता. पुढे पाच जणांवर खटला होऊन १९४३ साली बाबूभाईंस ५, उषाबेनांस ४ व चंद्रकांत झवेरी यांस १ वर्षाची सजा झाली. विठ्ठलदास झवेरी व शिकागो रेडिओचे नानक मोटवाने हे निर्दोष सुटले.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हे प्रक्षेपण शत्रूही ऐकत होता. किंबहुना त्याच्याइतके नेमाने व कान देऊन दुसरे कोणी ऐकत असेल असे वाटत नाही. पोलिसांकडून रोजच्या भाषणांची टिपणे होत, ती सरकारदप्तरी जमा होत. गुन्हा शाबीत करण्यासाठी केलेला हा खटाटोप आज त्या आवाजाचा मुख्य लेखी आधार ठरला आहे. उषा ठक्कर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही टिपणे समाविष्ट असून ती आता कोणासही पाहता येतात. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास यात नवल वाटू नये. मोगल दरबारचे अखबार व इंग्रज वखारवाल्यांची पत्रे वगळिली तर शिवशाहीच्या कित्येक तिथ्या आपणांस कशा बसविता आल्या असत्या? प्रतिपक्षाची लेखणी द्वेषाने चालली तरी तारीख बहुधा नीट टाकिते!

मात्र अशा कागदाचे वाचन मसुद्याच्या वाचनाहून भिन्न असते. लघुलहरींवर आवाज चढतो, उतरतो, मध्येच बुडतो. त्यामुळे वाळवीने खाल्लेल्या पानासारखी गाळलेली जागा या टिपणांतही संभवते, फरक इतकाच की ती कागदाच्या नव्हे, हवेच्या दोषाने पडलेली असते. ऐकून लिहिणारास अपरिचित अशी ग्रामनामे व व्यक्तिनामे विशेष सावधपणे पडताळावी लागतात.

याच्या उलट प्रकार पाहावयाचा असल्यास त्याच साली लंडनहून होणाऱ्या मराठी प्रक्षेपणाकडे पाहावे. बी.बी.सी.ने मार्च १९४२ मध्ये मराठी कार्यक्रम सुरू केला. तेथे बातमीपत्राचा इंग्रजी मजकूर जॉर्ज ऑर्वेल या सुप्रसिद्ध लेखकाने लिहावा व वेणू चितळे आदी मंडळींनी तो मराठीत आणावा, अशी व्यवस्था होती. ऑर्वेलच्या त्या काळच्या कागदांपैकी पुष्कळ मिळाले आहेत, पण त्याच्या आवाजाची एकही तबकडी उरलेली नाही. तेथील कागद बोलण्यापूर्वीचा, परीक्षकाच्या नजरेखालून गेलेला आहे. काय बोलण्यास परवानगी होती हे तो सांगतो. मुंबईचा कागद बोलण्यानंतरचा आहे आणि काय कानी पडले हे तो सांगतो. दोहोंस 'प्रक्षेपणाची प्रत' हे एकच नाव देणे म्हणजे मसुदा व श्रवणटिपण यांचा घोटाळा करणे होय. प्रत्येक प्रतीवर ती कोणत्या जातीची आहे याचा शेरा संग्राहकाने मारिलाच पाहिजे.

हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ऑगस्ट १९४२ मध्ये जे घडले, विशेषतः चिमूरच्या स्त्रियांवर जे अत्याचार झाले, त्यांची वार्ता वृत्तपत्रांस मोकळेपणी छापता येत नव्हती. ती प्रथम काँग्रेस रेडिओने दिली असे उषाबेनांचे म्हणणे आहे. चौकशीच्या मागणीसाठी प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले व ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्या उपोषणाच्या बातमीवरही बंदी आल्याने वृत्तपत्रांनी एक दिवस अंकच न काढून निषेध केला. उपोषणास प्रारंभ झाला त्याच आठवड्यात रेडिओ बंद पडला, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. तेव्हा त्या महिन्यांतील छापील अंक चाळून 'येथे काही नाही, सबब काही घडले नाही' असे अनुमान काढणे सर्वस्वी अनुचित होय. वृत्तपत्राचे मौन हाच तेथे पुरावा आहे, आणि बोललेले असेल ते पोलिसांच्या टिपणांत शोधावयाचे.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत, विशेषतः त्या वेळच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात पेण, रोहे, नागोठणे, खांब, कोलाड या बाजूस, त्यांनी सनदा व महजर निवडताना १९४२-४३ सालचे सुटे कागद रद्दीत टाकू नयेत. चक्रमुद्रित पत्रके, वहीत उतरून घेतलेल्या रेडिओच्या बातम्या, तारखेसह केलेली दोन ओळींची नोंद, यांपैकी काहीही आढळल्यास ते वेगळे ठेवावे. कागद कोणाचा, तो कोणत्या रुमालात सापडला व त्यावरील हस्ताक्षर कोणाचे, हे त्याच दिवशी पाठीमागे न लिहिता स्वतंत्र चिठ्ठीवर लिहावे. ऐकणाराने स्वतः केलेले असे एखादे टिपण मिळून त्याच तारखेचे पोलिसांचे टिपण शेजारी ठेविता आले, तर पाठभेद लावण्याचे काम सुरू करिता येईल.