खांद्याची चूक कमरेत शोधा

थाळीफेकीत पुरुषांची थाळी दोन किलोची असते आणि तिचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर. डिस्क गोल्फची प्लास्टिकची तबकडी व्यासाला जवळपास तेवढीच, पण वजनाला जेमतेम 175 ग्रॅम. थाळीफेकीचा पुरुषांचा जागतिक विक्रम 1986 पासून 2024 पर्यंत 74.08 मीटरवर अडून होता. डेव्हिड विगिन्स ज्युनियर या अमेरिकी खेळाडूने 2016 मध्ये नेवाडाच्या वाळवंटात, वारा पाठीशी घेऊन, तबकडी 338 मीटर फेकली. इतक्या हलक्या वस्तूने खांद्याला कसला ताण येणार, असं कोणालाही वाटेल. पण खांदा तबकडीला नव्हे, हाताला फेकतो. माणसाचा एक हात शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असतो, म्हणजे साठ किलोच्या माणसाचा हात तीन किलोचा. तबकडी सुटून जाते. क्षणभरापूर्वी झपाट्याने फिरलेला तीन किलोचा हात मात्र तिथेच असतो आणि तो थांबवायचं काम खांद्याच्या मागच्या बारीक स्नायूंवर येऊन पडतं. तबकडी हलकी असल्याने हात जड थाळीच्या फेकीपेक्षा जोरात फिरवता येतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खळग्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात एड हेड्रिक यांनी या खेळाला रूप दिलं. त्यातली मुख्य फेक बॅकहँडची. उजव्या हाताचा खेळाडू उजवा खांदा लक्ष्याकडे करून उभा राहतो, पाठ वळवत तबकडी मागे नेतो आणि छातीसमोरून पुढे ओढून सोडतो. ही हालचाल राहुरी परिसरातल्या शेतकऱ्याला अनोळखी वाटू नये. गव्हाला युरिया फोकणारा माणूस घमेलं डाव्या बगलेत धरतो, उजव्या हाताने मूठ भरतो आणि डावीकडून उजवीकडे हात झोकत पावलाच्या तालावर दाणे सोडतो. मुरलेला माणूस एकराच्या वर रान फोकतो तरी त्याचा खांदा भरून येत नाही, कारण पाऊल पडतं तसं धड वळतं आणि हात धडामागून येतो. नवखा बांधावर उभा राहिल्यासारखा ताठ चालतो आणि फक्त हात हलवतो. अर्ध्या तासात त्याचा दंड दुखायला लागतो आणि दाणेही एका पट्ट्यात दाट, दुसऱ्यात विरळ पडतात.

बॅकहँड फेकीत खांद्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक चुका खांद्यात जन्मतच नाहीत. पाय आणि कंबर यांचं काम अपुरं राहतं किंवा उशिरा होतं, मग उरलेला वेग खांदा स्वतःच्या ताकदीवर भरून काढायला जातो. त्या धडपडीलाच आपण खांद्याची चूक म्हणतो. नुसतं ‘खांदा सैल सोड’, ‘खांदा वर उचलू नकोस’ असं ओरडून ती जात नाही, ती यामुळेच.

याला पुरावा आहे. अमेरिकी क्रीडावैद्यक बेन किब्लर यांनी 1990 च्या दशकात टेनिसच्या सर्व्हिसचं गणित मांडलं. एकूण गतिज ऊर्जेतला निम्म्याहून किंचित जास्त वाटा पाय, खुबे आणि धड यांचा, आणि खांद्याचा सुमारे 13 टक्के. त्यांचा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. कमरेकडून येणारी ऊर्जा 20 टक्क्यांनी घटली, तर हातापर्यंत तेवढंच बळ पोचवायला खांद्याला आपला फिरण्याचा वेग सुमारे 34 टक्क्यांनी वाढवावा लागतो. खालच्या थोड्या कुचराईची भरपाई वरच्या लहान सांध्याला दीडपटीहून जास्त करावी लागते. हा सांधा किती उघडा आहे तेही पाहा. दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो, ती उथळ खोबण एका वेळी त्याचा पाव ते एक तृतीयांश भागच धरून ठेवते. बाकीची मदार चार स्नायूंच्या कडीवर आणि खांद्याच्या पात्यावर. संशोधक इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1944 मध्येच दाखवलं होतं की हात पूर्ण वर जाताना 180 अंशांपैकी साधारण 60 अंश हे पातं पुरवतं. पातं गोठलं की सगळं त्या उथळ सांध्यावर येतं.

पहिला आक्षेप इथेच येईल: सर्व्हिस डोक्यावरून मारतात, बॅकहँड छातीसमोरून जाते, मग एकाचा हिशेब दुसऱ्याला कसा लावायचा? आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. राहुरीशेजारच्या श्रीरामपूरच्या झहीर खानसारख्या वेगवान गोलंदाजाचा खांदा आणि तबकडी फेकणाऱ्याचा खांदा यांच्यावरचे ताण वेगवेगळ्या दिशांनी येतात. पण क्रम बदलत नाही. गोलंदाजाचा पुढचा पाय रोवला जातो, त्याच्या विरोधावर धड वळतं आणि हात सगळ्यात शेवटी येतो. नील रोच, डॅनिएल लिबरमन आणि त्या वेळी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात असलेले मधुसूदन वेंकदेसन यांनी 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की डोक्यावरून फेकताना धड आधी फिरतं, हात जडत्वाने मागे राहतो, त्या ओढीने खांद्याभोवतीचे अस्थिबंध आणि कंडरा ताणल्या जातात, आणि साठलेली ही ऊर्जा मग हाताला पुढे भिरकावते. हात मागे राहणं हा दोष नाही, फेकीचं इंधन तेच आहे. बॅकहँडमध्ये ताणल्या जाणाऱ्या ऊती वेगळ्या, मुख्यतः खांद्याच्या मागच्या आणि पाठीच्या. पण त्या ताणल्या जाव्यात म्हणून धडाला हाताच्या आधी निघावंच लागतं.

आता चुकांकडे. सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे दंड छातीला चिकटणं. तबकडी मागे नेताना धड पुरेसं वळलं नाही, तर लांब जाण्यासाठी हातच छातीवरून आडवा जातो आणि कोपर जवळजवळ डाव्या खांद्यासमोर येतं, स्वतःला मिठी मारल्यासारखं. मग कंबर कितीही फिरली तरी कोपर पुढे येत नाही, कारण दंड आणि छाती यांच्यामध्ये जागाच नसते. तबकडी सरळ रेषेऐवजी पोटाभोवती गोल फिरते, उशिरा सुटते आणि उजव्या हाताच्या खेळाडूची उजवीकडे भरकटते. शिवाय मागचे स्नायू पुरते ताणलेल्या अवस्थेत असतात आणि त्या लांबीवर स्नायूचा स्वतःचा जोर कमी पडतो. डॉक्टर गळ्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाचा सांधा तपासतात तेव्हा रुग्णाचा हात समोर उचलून छातीवरून आडवा दाबतात आणि दुखतं का ते विचारतात. दंड चिकटवून फेकणारा हीच तपासणी स्वतःवर पुन्हा पुन्हा, तीही झटक्याने, करत असतो. उपाय उलट दिशेने लागू होतो. दंड छातीच्या सरळ समोर, काटकोनाच्या आसपास ठेवायचा आणि मागे जायचं ते पाठ लक्ष्याकडे वळवून. सरावासाठी दंड आणि छाती यांच्यामध्ये एक फुटबॉल धरून तबकडीशिवाय वळून पाहावं. फुटबॉल चेपला तर हात गेला, फुटबॉल तसाच राहून पाठ फिरली तर धड गेलं. नंतर तबकडी उजव्या छातीजवळ धरून, कोपर पुढे ठेवून, तिथूनच दहा-पंधरा मीटरच्या छोट्या फेका. लांबची फेक हीच छोटी फेक असते, फक्त तिच्यामागे कंबर जोडलेली असते.

खांदा लवकर उघडणं ही दुसरी चूक, आणि ती तर उघड उघड पायाची. पुढचं पाऊल टेकण्याआधीच उजवा खांदा लक्ष्याकडे फिरला, की कंबर आणि धड एकदमच वळतात आणि हाताला मागे राहायला वेळच मिळत नाही. हे डोळ्याने पकडता येत नाही. तबकडी ताशी 100 किलोमीटर वेगाने सुटत असेल, तर सेकंदाला 30 चित्रं घेणाऱ्या मोबाइलवर दोन चित्रांच्या मध्ये ती 90 सेंटिमीटरहून पुढे गेलेली असते. सेकंदाला 240 चित्रांच्या संथ चित्रणात हेच अंतर बारा सेंटिमीटरच्या आत येतं. चित्रण करून एकच चौकट शोधायची: पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकते ती. त्या चौकटीत तबकडी अजून मागे, जास्तीत जास्त लांब असली पाहिजे. ती छातीपर्यंत आलेली दिसली, तर खांद्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खांदा कानाकडे उचलला जाणं ही त्यामानाने लहान चूक. जोर लावायच्या नादात मानेचा स्नायू आखडतो, पातं वर सरकतं आणि सुटताना तबकडीची पुढची कड वर होते. फिरणारी तबकडी सुटतानाचा कल बराच वेळ टिकवते, त्यामुळे ती वर चढते, वेग गमावते आणि डावीकडे कोसळते. तशीच आणखी एक लहान चूक: मोकळा डावा हात पसरून ठेवला तर धडाचं फिरणं मंदावतं. तो पोटाजवळ घेतला की पुरे.

दुसरा आक्षेप व्यायामशाळेतून येतो: खांदा कमकुवत आहे म्हणून हे सगळं होतं, तो बळकट करा. यात तथ्य आहे, पण अर्धंच. रबराच्या पट्ट्यावर केलेले व्यायाम मागच्या स्नायूंना हात थांबवण्याच्या कामी तयार करतात, आणि फेक सुटल्यावर हात अडवून न धरता धडासोबत पूर्ण फिरू दिला तर ते काम आणखी हलकं होतं. पण चुकीच्या रेषेत जाणाऱ्या हाताला जास्त ताकद दिली, तर तो त्याच चुकीच्या रेषेत जास्त वेगाने जाईल. क्रम आधी, ताकद मागून.

तिसरा आक्षेप जास्त अवघड आहे. अव्वल खेळाडूंच्या फेकी एकमेकींसारख्या दिसत नाहीत. कोणी हात पुरता ताणतो, कोणी कोपर वाकडंच ठेवतो, कोणी न धावता जागेवरून फेकतो. मग बरोबर फेक कोणती ठरवायची? फरक खरे आहेत, पण ते मुख्यतः तबकडी मागे जातानाचे. पुढचा पाय रोवल्यापासून तबकडी सुटेपर्यंतचा काळ पाहिला तर चित्र पुष्कळ जुळतं: पाय स्थिर, कंबर पुढे, दंड छातीपासून सुटा, कोपर पुढे आणि तबकडी अजून छातीजवळ. जागेवरून लांब फेकणारे तर आपल्याच बाजूचे साक्षीदार ठरतात. वेग धावण्यातून नव्हे, जमिनीला पाय रेटण्यातून येतो, हे त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी दाखवत नाही. शिकवणाऱ्यांनी शैली सुधारायच्या भानगडीत पडू नये, एवढा धडा मात्र या आक्षेपातून घ्यायला हवा.

या सगळ्याला एक मर्यादा मात्र आहे. फेकीनंतर खांदा नुसता जड वाटणं आणि त्या कुशीवर झोपल्यावर रात्री ठणकून जाग येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रीचं दुखणं बहुतेकदा त्या चार स्नायूंच्या कडीतलं असतं. तिथे फुटबॉलचा सराव किंवा मोबाइलचं चित्रण कामाला येत नाही. फेकणं थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं लागतं.