रीफ टँकमधलं कोरल कोमेजतंय? बाटली विकत घेण्याआधी हे तपासा

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचं असं मत्स्यालय, ज्यात माशांबरोबर जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेलं असतं. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेक फ्लॅटमध्ये आता असे छोटे टँक दिसतात. निळ्या लाइटखाली ते मस्त चमकतात, रीलमध्ये तर आणखी मस्त. पण कोरलचा रंग उडायला लागला की काय होतं? ग्रुपवर फोटो जातो, दहा जण दहा उपाय सांगतात आणि दोन दिवसांत टँकमध्ये तीन नव्या बाटल्यांतलं काहीतरी पडलेलं असतं. त्यानंतर कशामुळे काय झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर अडकला तर पाच सेटिंग एकदम बदलायच्या नाहीत, हा आमच्या कामातला पहिला नियम. आधी लॉग बघायचा, मग एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. कोरलच्या बाबतीत हा नियम जास्तच कडक पाळावा लागतो. सर्व्हर रीस्टार्ट होतो, मेलेलं कोरल होत नाही.

पायरी १: नक्की काय होतंय ते ओळखा

कोरल ही वनस्पती नाही, प्राणी आहे. त्याच्या मांसात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशातून अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा कोरलला मिळतो. कोरलचा तपकिरी रंगही बराचसा या शैवालाचाच असतो. म्हणून "कोरल खराब झालंय" एवढं म्हणून भागत नाही. लक्षणं वेगळी, तशी कारणंही वेगळी:

- पांढरं पडलंय, पण मांस शाबूत आहे: हे ब्लीचिंग. शैवाल बाहेर टाकलं गेलंय. कोरल अजून जिवंत आहे आणि वाचू शकतं. पहिला संशय तापमानावर आणि अचानक वाढलेल्या प्रकाशावर घ्या.
- मांस सोलून निघतंय, खाली पांढरा सांगाडा दिसतोय: ही जास्त गंभीर गोष्ट आहे. अल्कलिनिटी किंवा खारेपणा यांत मोठे चढउतार झालेत का, ते आधी बघा.
- रंग जाऊन सगळं तपकिरी दिसतंय: बहुतेक वेळा पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालेलं असतं किंवा प्रकाश कमी पडत असतो.
- रंग फिका, पण इतर काही त्रास नाही: नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आलंय का? पाणी "जास्तच स्वच्छ" असलं तरी कोरल उपाशी राहतं.
- पॉलिप उघडतच नाहीत: पाण्याचा झोत थेट लागतोय का, कुठला मासा टोचा मारतोय का, कीड आहे का, ते बघा. काही किडी रात्रीच बाहेर पडतात. लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्चवर लाल कागद लावून बघा.

पायरी २: फोन वापरा, पण त्याच्यावर आंधळा विश्वास नको

फोनचा कॅमेरा निळ्या लाइटमध्ये गोंधळतो. ऑटो मोडमध्ये तो दर वेळी रंगांचा तोल नव्याने ठरवतो. त्यामुळे सोमवारचा आणि गुरुवारचा फोटो शेजारी ठेवले तरी फरक कोरलमध्ये पडलाय की कॅमेऱ्यात, हे कळत नाही. त्यासाठी एवढं करा:

- आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, लाइट दोन मिनिटं पांढऱ्यावर आणा.
- प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, आयएसओ आणि शटर दर वेळी तेच ठेवा. फोटो आपोआप सुधारणारे सगळे मोड बंद करा.
- काचेला एक पांढरं प्लास्टिकचं कार्ड टेकवून ते फ्रेममध्ये घ्या. दोन फोटोंत कार्ड सारखंच दिसत असेल, तरच कोरलच्या रंगांची तुलना करा.

प्रकाश मोजणाऱ्या अ‍ॅपचंही तसंच. फोनचा लाइट सेन्सर माणसाच्या डोळ्यासारखा जुळवलेला असतो. त्याला हिरवा-पिवळा प्रकाश जास्त कळतो, निळा कमी. रीफ लाइट मुख्यतः निळा असतो, त्यामुळे अ‍ॅप आकडा कमी दाखवतं. तो बघून लाइट वाढवला तर कोरल भाजून निघेल. आयफोनमध्ये तर हा सेन्सर अ‍ॅप्सना मिळतच नाही, ती कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. म्हणून या आकड्याचा उपयोग एवढाच: त्याच फोनने, त्याच जागी, गेल्या महिन्यापेक्षा प्रकाश कमी झालाय का ते बघायचं.

पायरी ३: आधी मीटर तपासा, मग पाणी

चुकीच्या मीटरवरून केलेला उपाय हा नवा आजारच असतो. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर अनेक जण आरओच्या पाण्याने शून्यावर आणतात. पण शून्यावर बरोबर असलेला मीटर ३५ वर बरोबर असेलच असं नाही. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्याने जुळवा. टेस्ट किटची एक्सपायरी बघा. थर्मामीटर दोन ठेवा, एक डिजिटल आणि एक साधा काचेचा.

मग या क्रमाने पाणी तपासा:

१. तापमान: २५ ते २७ अंश
२. खारेपणा: ३५ पीपीटीच्या आसपास
३. अल्कलिनिटी: ७ ते ९ डीकेएच. आकड्याइतकंच स्थैर्य महत्त्वाचं, दिवसात १ पेक्षा जास्त फरक नको
४. कॅल्शियम: ४०० ते ४५०, मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम
५. नायट्रेट: २ ते १० पीपीएम, फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ पीपीएम

पीएच मुद्दाम यादीत घातला नाही. पीएच वाढवायच्या बाटलीमागे धावू नका. टँक थंड राहावा म्हणून खिडक्या बंद करून दिवसभर एसी लावला, की खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. एक दिवस खिडकी उघडी ठेवून मोजा. आकडा वर आला, तर कारण सापडलं, तेही फुकटात.

मुंबईतला खरा व्हिलन: उकाडा आणि पंखा

मुलुंडच्या एका मित्राचा टँक बघितला होता, साधारण १०० लिटरचा. मार्चपासून कोरल आक्रसायला लागलं, एप्रिलमध्ये कडेचं मांस जायला लागलं. त्याच्या वहीत मात्र खारेपणा प्रत्येक वेळी ३५, अगदी परफेक्ट.

गडबड आकड्यात नव्हती, मोजायच्या वेळेत होती. उकाडा वाढल्यावर त्याने पाण्यावर वारा घालणारे दोन छोटे पंखे लावले होते. पाणी थंड होतं ते बाष्पीभवनामुळे. रोज सुमारे २ लिटर पाणी उडत होतं, मीठ मात्र टँकमध्येच राहत होतं. चार दिवसांत ८ लिटर गेले, म्हणजे ९२ लिटरमध्ये १०० लिटरचं मीठ. ३५ ला १०० ने गुणून ९२ ने भागा, उत्तर ३८ येतं. चौथ्या दिवशी तो गोडं पाणी भरायचा आणि भरून झाल्यावर मोजायचा. वहीत ३५ यायचं. कोरल मात्र दर चार दिवसांनी ३५ ते ३८ आणि परत ३५ असा झोका घेत होतं. शेवटचा उतार तर काही मिनिटांतला!

म्हणून मोजायचं ते दुरुस्ती करण्याच्या आधी, आणि वेगवेगळ्या वेळी. फ्लोट स्विचवर चालणारा ऑटो टॉप-अप बसवल्यावर रोज उडेल तेवढंच पाणी भरलं जायला लागलं. नवी बाटली एकही आणली नाही. गेलेलं मांस लगेच परत आलं नाही, पण पुढे जाणं थांबलं आणि उरलेले पॉलिप उघडायला लागले.

आता गंमत बघा. पावसाळ्यात हवेत आधीच भरपूर दमटपणा असतो, त्यामुळे पाणी कमी उडतं आणि तोच पंखा पुरेसा थंडावा देत नाही. टायमर लावून रोज ठरावीक पाणी भरत असाल, तर जुलैमध्ये उलटा प्रकार होईल आणि खारेपणा उतरत जाईल. मार्चचं सेटिंग जूनमध्ये चालत नाही. पंख्यावर भागत नसेल, तर चिलर किंवा खोलीचा एसी हाच मार्ग. तो खर्च झेपणार नसेल, तर कोरल घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो.

पाणी कुठून येतंय?

"आमच्याकडे आरओ आहे" हे उत्तर पुरेसं नाही. घरच्या पिण्याच्या आरओमध्ये अनेकदा टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. काहींमध्ये मिनरलची कार्ट्रिज असते, काहींमध्ये तांब्याची. माणसासाठी ठीक, पण तांबं थोड्या प्रमाणातही कोरल, कोळंबी आणि गोगलगायींसाठी विष आहे. टँकसाठी टीडीएस शून्य दाखवणारं आरओ-डीआय पाणीच हवं. साधं टीडीएस मीटर त्यासाठी पुरतं.

वर्सोवा किंवा जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरून पाणी आणायचं तर अजिबात नाही. त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात खारेपणाचाही भरवसा नसतो.

वीज गेली तर?

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई आणि आसपासच्या भागातली वीज गेली, उपनगरांत काही ठिकाणी ती बराच वेळ आली नाही. पंप बंद पडला की पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि तापमान चढतं. बॅटरीवरचा एअर पंप ही सर्वात स्वस्त विमा पॉलिसी.

वायफाय सेन्सर लावला असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज गेली की राउटरही जातो, मग "तापमान वाढलं" हा अलर्ट येणार कुठून? अलर्ट उलटा लावा: दहा मिनिटांत सेन्सरकडून काहीच आलं नाही, तर फोन वाजला पाहिजे. शांतता हाच इशारा. आणि स्टीलच्या नळीतला स्वस्त प्रोब थेट खाऱ्या पाण्यात सोडू नका, त्याला गंज चढतो. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला घ्या.

एका वेळी एकच बदल

कारण सापडलं की दुरुस्ती हळू करा. खारेपणा ३८ वरून ३५ वर दोन-तीन दिवसांत आणा. लाइट एका फटक्यात नको, दोन आठवड्यांत थोडा थोडा कमी-जास्त करा. पंपावर पांढरा थर जमून झोत कमी झाला असेल, तर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवून तो साफ करा. एक बदल केला की निदान आठवडाभर थांबा आणि फोटो बघा. अपवाद दोनच: पाणी खूप तापलंय, किंवा तांबं, अमोनिया असं विष पाण्यात गेलंय. तेव्हा ताबडतोब हालचाल करायची.

कोरल कुठून आलंय, हेही विचारा

मुंबईच्या समुद्रातही प्रवाळ आहे, हाजीअली आणि वरळीच्या खडकांवर. कोस्टल रोडच्या कामासाठी त्यातल्या १८ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा महापालिकेलाही २०२० मध्ये वन्यजीव कायद्याखाली परवानगी काढावी लागली. हे काम राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलं. दगडी सांगाड्याचं प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. ओहोटीला तिथून, मालवणहून किंवा आपल्या कुठल्याही किनाऱ्यावरून तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. दगडी कोरलच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही साइट्स कराराचं नियंत्रण आहे. म्हणून विकत घेताना आयातीची कागदपत्रं मागा. दुकानदार टाळाटाळ करत असेल, तर तिथून निघा.

सुरुवात आजच करायची असेल, तर बाजारात जायची गरज नाही. फोनमध्ये एक साधी शीट उघडा: तारीख, वेळ, तापमान, खारेपणा, अल्कलिनिटी आणि "आज काय बदललं". शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कोरल कोमेजायला लागलं की त्या तारखेच्या आधीचे दोन आठवडे वाचा. पहिला धागा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.