लांब केसांचा कुत्रा व त्याच्या अंगाची निगा

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत धनगर आपल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर वर्षांतून दोनदां कातरतात, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. मेंढीस आडवी करून, पाय धरून, भराभर कातर चालविली जाते आणि त्या लोकरीचें पुढें घोंगडें होतें. हें दृश्य डोळ्यांपुढें असल्यामुळेंच कीं काय, लांब केसांचे कुत्रे पाळणाऱ्या कित्येक मंडळींची अशी समजूत झाली आहे कीं, चैत्र-वैशाखांत कुत्र्यासहि मेंढीप्रमाणें भादरून टाकावें, म्हणजे बिचाऱ्यास थंड वाटेल. ही समजूत दयाळू मनाची खरी, पण चुकीची आहे.

मेंढीची लोकर सारखी वाढत राहते. ती आपोआप गळून पडत नाहीं, म्हणून कातरावी लागते. बहुतेक कुत्र्यांची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे ज्यास सरसकट पॉमेरेनियन म्हणतात (खरें पाहतां तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो), तो आणि जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस लांब व राठ; त्यांच्या मुळाशीं मऊ, दाट, कापसासारखी लव. उन्हाळा जवळ आला कीं ही लव आपणच झडूं लागते, आणि वरचे केस ऊन व धूळ अडवीत राहतात. कुत्र्यास आपल्याप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून, धापा टाकून तो अंगांतील उष्णता घालवितो. तेव्हां केस काढल्यानें त्यास थंडावा फारसा मिळत नाहीं. उलट उघडी कातडी उन्हानें भाजते, आणि पुन्हां येणारे केस कित्येकदां विरळ व ओबडधोबड येतात. ल्हासा अप्सो व शिह त्झू यांचे केस मात्र माणसाच्या केसांसारखे वाढत राहतात. ते मधून मधून आंखूड करावे, पण कातडीपर्यंत नव्हे.

कुत्र्याची लोकर कातरणारे लोक जगांत झालेच नाहींत असें मात्र नाहीं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅलिश लोक लोकरी कुत्र्यांची एक खास जात बाळगून त्यांच्या लोकरीचीं कांबळीं विणीत असत. कप्तान जॉर्ज व्हँकूव्हर यानें १७९२ सालीं ते कुत्रे मेंढ्यांप्रमाणें कातरलेले पाहिले. ती जात आतां नामशेष झाली आहे. तिच्यांतील १८५९ सालीं मेलेल्या एका कुत्र्याचें कातडें अमेरिकेंत अजून जतन केलेलें असून त्या कुत्र्याचें नांव ‘मटन’ होतें!

आपल्या घरच्या कुत्र्यास कातर नको, फणी हवी. विरळ दांतांची धातूची एक फणी व एक ब्रश एवढें साहित्य पुरे. आठवड्यांतून तीन वेळां, आणि लव झडण्याच्या दिवसांत रोज, दहा-पंधरा मिनिटें विंचरावें. नुसता वरवर ब्रश फिरविल्यानें कुत्रा चकचकीत दिसतो, पण गुंता खालीं तसाच राहतो. डाव्या हातानें केस उलटे धरून, भांगासारखी रेघ पाडून कातडी दिसूं द्यावी व तेथून थोडे थोडे केस विंचरीत जावें. हें काम दिवेलागणीच्या आधीं उरकून कुत्र्यास घरांत घ्यावें. आमच्या उंसांतल्या बिबट्यांस कुत्रा किती आवडतो तें येथें कोणास सांगावयास नको.

कानामागें, काखेंत, जांघेंत व गळपट्ट्याखालीं गांठी आधीं होतात. गांठ वाढली कीं ती खालची कातडी सतत ओढते, प्रत्येक पावलास दुखतें, आणि ओल कोंडून कातडी चिघळते. कुत्रा हल्लीं चिडखोर झाला असें घरांतले म्हणतात, तेव्हां त्याचें कारण कित्येकदां काखेंत सांपडतें. गांठीच्या मुळाशीं केस चिमटींत घट्ट धरावे, थोडें खोबरेल लावावें, आणि टोकाकडून सोडवीत यावें. सुटलीच नाहीं, तर गांठ व कातडी यांमध्यें फणी घालून फणीच्या वरून कापावें. गांठीबरोबर कातडीहि वर उचलली जाते, म्हणून हें काम मुलांनीं न करतां वडील माणसांनीं करावें. कुत्र्याचा दांत लागलाच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

आंघोळ महिन्यांतून एकदां पुरे, आणि तीहि विंचरल्यानंतर. ओली गांठ अधिकच आवळते. माणसांचा साबण कुत्र्याच्या कातडीस मानवत नाहीं. आहुपे, भीमाशंकर, माळशेज या बाजूस पावसाळ्यांत अंग दिवसचे दिवस सुकत नाहीं. तेथें आंघोळीपेक्षां कोरड्या फडक्यानें मुळापर्यंत पुसणें महत्त्वाचें.

पावसाळा सरला कीं माळावर कुसळें पिकतात. कुसळाच्या टोकास उलटे कांटे असल्यामुळें तें पुढेंच सरकतें, मागें येत नाहीं. ओल लागली कीं त्याच्या शेपटीचा पीळ उलगडत जाऊन तें स्क्रूसारखें आंत शिरतें. बोटांच्या बेचक्यांत व कानांत गेलेलें कुसळ पू धरतें. रानांतून आल्यावर ह्या दोन जागा आधीं पाहाव्या. कुत्रा एकसारखी मान झटकूं लागला, तर कानांत कांहीं न घालतां गुरांच्या दवाखान्यांत न्यावें.

विंचरतांनाच गोचीडहि हातास लागतो. त्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावें. बोटांनीं चिरडूं नये, रॉकेल लावूं नये. नारायणगांव-मंचरकडे टोमॅटोवर फवारण्याचें औषध प्रत्येक घरीं कोपऱ्यांत असतें, आणि तेंच पाण्यांत कालवून कुत्र्याच्या अंगास चोळण्याचा मोह होतो. तें विष आहे. कुत्रा अंग चाटतो आणि तें पोटांत जातें. गोचिडावर कुत्र्यांसाठीं वेगळें औषध मिळतें. तें पशुवैद्यांस कुत्र्याचें वजन सांगून घ्यावें. गोचीड चावल्यानंतर कांहीं दिवसांनीं कुत्र्यानें अन्न टाकलें, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकांतून रक्त आलें, तर गोचीडतापाची शंका घ्यावी आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये.