वाळूच्या गोण्या आणि सोन्याची अंबारी

पाच टनांच्या आसपास वजनाच्या कर्मचाऱ्याला ‘उद्यापासून हे काम तुझं’ असं सांगायचं कसं? आवाज चढवून भागत नाही. त्यानं मनात आणलं तर आवाज चढवणाराच उरणार नाही. म्हैसूरचे माहूत दर वर्षी या प्रश्नाला सामोरे जातात.

विजयादशमीला चामुंडेश्वरीची मूर्ती सोन्याच्या अंबारीतून राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत सुमारे पाच किलोमीटर जाते. (बन्नी म्हणजे शमी, आपण आपट्यावर भागवतो.) अंबारीचं वजन 750 किलो. दुतर्फा माणसांचा समुद्र, बँड, वर 21 तोफांची सलामी. आणि हा सगळा डोलारा ज्याच्या पाठीवर, तो एरवी जंगलातल्या छावणीत राहणारा!

तयारी काही आठवडे आधी सुरू होते. नागरहोळेच्या जंगलाच्या कडेला, वीरनहोसहळ्ळीत पूजा होऊन ‘गजपयण’, म्हणजे हत्तींचा प्रवास, सुरू होतो. पूर्वी हत्ती चालत यायचे, आता ट्रकमधून येतात. सोबत माहूत आणि त्यांचे मदतनीस कावाडी, बरेचसे जेनुकुरुब समाजातले, बायकामुलांसह. राजवाड्याच्या आवारात तंबू पडतात, मुलांसाठी तात्पुरती शाळाही भरते. हत्तींना वजनकाट्यावर उभं करतात आणि उकडलेले उडीद, मूग, गहू, वर गूळ-खोबरं असा खुराक चालू होतो.

मग पहिलं काम काय? नुसतं चालणं. पाठीवर काहीही नाही. रस्ता, रिक्षांचे भोंगे, बघ्यांची गर्दी अंगवळणी पडू द्यायची. त्यानंतर गादीवर वाळूच्या गोण्या; आधी थोड्या, मग वाढत वाढत अंबारीच्या वजनापर्यंत. मग लाकडी अंबारी. सोन्याची अगदी शेवटी, प्रत्यक्ष त्या दिवशी. आपल्या कचेऱ्यांत नव्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सोन्याची अंबारी देतात आणि तिसऱ्या दिवशी ‘याला झेपत नाही’ म्हणतात, ते इथं राहून राहून आठवतं.

तोफांचा सराव वेगळा. आपल्या कानांना ज्यांचा पत्ताही लागत नाही असे, 20 हर्ट्झच्या खालचे खर्जातले आवाज काढून हत्ती एकमेकांशी बोलतात. अशा कानांवर तोफेचा दणका कसा आदळत असेल! म्हणून हा सराव एकदा करून सोडत नाहीत, पुन्हा पुन्हा करतात. बिथरला तर अनर्थ नको म्हणून सुरुवातीला पायांत साखळ्याही असतात. ही निव्वळ लाडीगोडी नव्हे. मिरवणुकीत अंबारीच्या हत्तीच्या दोन्ही बाजूंना दोन शांत हत्तिणी चालतात. सर्वांत बलवान गड्यालाही आधार लागतो, हे इथं गृहीतच धरलेलं आहे.

मला सर्वांत थक्क करतो तो अर्जुन. 1968 साली काकनकोटेच्या जंगलात खेड्डा करून, म्हणजे रानहत्तींना हाकत कुंपणात कोंडून, पकडलेला हत्ती. 1996 मध्ये त्याच्या हातून एका माहुताचा जीव गेला आणि अंबारीचा मान त्याच्यापासून दुरावला. तिथंच त्याच्या नावावर फुली पडायला हवी होती, असं कुणालाही वाटेल. माणसांच्या नोकरीत पडलीच असती. पण त्याच्याबरोबरचं काम सुटलं नाही. त्याच्याशी रोज बोलणारी, त्याला आंघोळ घालणारी, त्याचा रागलोभ ओळखणारी माणसं टिकून राहिली. मधली बरीच वर्षं अंबारी बलराम नावाच्या हत्तीच्या पाठीवर होती. 2012 मध्ये, त्या घटनेनंतर 16 वर्षांनी, ती अर्जुनाच्या पाठीवर चढली आणि 2019 पर्यंत सलग आठ दसरे तिथंच राहिली. साठी उलटल्यावर त्याला त्या ओझ्यातून मोकळं केलं; 2020 मध्ये अंबारी अभिमन्यू या हत्तीकडे आली.

म्हैसूरला जाणार असाल तर फक्त दसऱ्याच्या गर्दीत जाऊ नका. महिनाभर आधी, सकाळी लवकर, राजवाड्याबाहेरच्या रस्त्यावर उभे राहा. वाळूच्या गोण्या घेतलेला हत्ती तुमच्या समोरून जाईल.